उपासनेपूर्वींचा पाऊण तास

रविवारच्या उपासनेस नऊ वाजतां आरंभ होईल असें सूचनाफलकावर लिहिलेलें असतें. परंतु ज्या मंडळींत माइक, स्पीकर व मिक्सर यांचा उपयोग होतो, तेथें त्या उपासनेंतील गायनाचें भवितव्य बहुधा त्यापूर्वींच ठरून गेलेलें असतें. सकाळीं लवकर येऊन वादक व गायक आपापल्या जागीं उभे राहतात आणि यंत्रांची व आवाजांची जुळणी करून घेतात. या कामास साउंडचेक हें नांव आतां सर्वत्र रूढ झालें आहे. शाळेंत शिकणारीं व शिकून गेलेलीं कितीतरी मुलें-मुली आपापल्या मंडळ्यांच्या गायनवृंदांत असतात. कोणी गातात, कोणी तबला, गिटार किंवा कीबोर्ड वाजवितात, तर कोणी मिक्सरपाशीं बसून सर्वांचा आवाज सांभाळतात. त्यांच्या आईबापांस मात्र हा वेळ म्हणजे वायरींचा पसारा व ‘हॅलो, हॅलो, वन, टू, थ्री’ असा गलबला एवढेंच दिसतें. यास्तव या कामाचा हेतु काय व तें कसें करावें, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

आमचें म्हणणें प्रथमच सांगून टाकतों. साउंडचेक हा मागच्या बाकावर बसणाऱ्या आजीबाईंकरितां असतो. गीताचा प्रत्येक शब्द त्यांना कळला, आणि गातांना स्वतःचा व शेजारणीचा आवाज त्यांच्या कानीं पडला, म्हणजे साउंडचेक साधला असें समजावें. संगीताच्या जलशाला लोक ऐकावयास जातात. उपासनेस ते गावयास येतात. हा भेद लक्षांत न घेतल्यामुळें पुष्कळ ठिकाणीं असा प्रकार घडतो कीं, वाद्यवृंद उत्तम, यंत्रें भारी किंमतीचीं, आणि मंडळी मुकी! आपला आवाज आपणांस ऐकूं येईनासा झाला म्हणजे मनुष्य हळूहळू गाणें सोडून देतो व नुसता उभा राहतो. पुढें त्याचीं मुलेंहि तसेंच उभे राहावयास शिकतात.

मराठी मंडळ्यांस तर ही गोष्ट विशेष लागू आहे. पाश्चात्य चालींवरील गीतांच्या जोडीला देशी चालींवरील भजनांची जी संपत्ति आपणांस लाभली, तिच्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा वांटा फार मोठा आहे. भजनांत शब्द हा धनी असतो. स्वर व ताल हे त्याचे चाकर. शिवाय भजनाची रीत अशी कीं, पुढारी एक ओळ म्हणतो व मंडळी तीच उचलते. ती ओळच अस्पष्ट ऐकूं आली तर मंडळीनें उचलावें काय? पौलानेंहि करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायांत वाद्यांचा दृष्टांत घेऊन अर्थबोधाचीच बाजू मांडलेली आहे.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. पहिली गोष्ट वेळेची. तालीम व साउंडचेक हीं दोन निराळीं कामें आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाली कीं दोन्ही बिघडतात. चाल, पट्टी, ताल, कडव्यांची संख्या हें सर्व शनिवारीं सायंकाळच्या तालमींत ठरवावें. उपासना नऊ वाजतां असेल तर रविवारीं सात वाजतां सामान मांडण्यास लागावें, पावणेआठ ते साडेआठ साउंडचेक करावा, आणि साडेआठास सर्वांनीं हात आवरावे. शेवटचा अर्धा तास मंडळीचा आहे. लवकर येऊन शांतपणें प्रार्थनेस बसणाऱ्या वृद्धांच्या कानांवर तबल्याचे ठोके व गिटारच्या तारांचा खणखणाट आदळत राहणें हें सभ्यपणाचें नव्हे.

माइक लावण्यापूर्वीं दोन गोष्टी पाहाव्या. एक, कोणत्या वाद्यास माइकची खरोखर गरज आहे? लहान देवळांत तबला व झांज यांना तो बहुधा लागत नाहीं. दुसरी, सूर जुळले आहेत काय? १९३९ सालीं लंडन येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें ‘ए’ या स्वराचें माप सेकंदास ४४० कंपनें असें ठरविलें, व कीबोर्ड सामान्यतः याच मापानें लावलेला येतो. जुनी पेटी मात्र पुष्कळदां याहून किंचित् चढी किंवा उतरी असते. पेटीचे सूर ऐन वेळीं बदलतां येत नाहींत, कीबोर्डचे येतात. तेव्हां कीबोर्डानें पेटीकडे यावें, व तबला आणि गिटार यांनीं तिच्यामागून. बेसूर वाद्यांस कोणतेंहि यंत्र सुरांत आणूं शकत नाहीं. तें फक्त त्यांचा बेसूरपणा मोठा करतें.

नंतर एकेक वायर तपासावी. मिक्सरवर प्रत्येक कळीखालीं कागदी पट्टी चिकटवून तीवर नांव लिहावें, म्हणजे ऐन वेळीं पेटी समजून पाळकसाहेबांचाच माइक बंद होण्याचा प्रसंग येत नाहीं. हें झाल्यावर गेन लावावा. माइकमधून येणाऱ्या क्षीण विद्युत्-संकेतास प्रथम बळ देणारी ही कळ होय. येथेंच ‘हॅलो, वन, टू, थ्री’ घात करतें. बोलतांना मनुष्य हळू बोलतो. गातांना, विशेषतः शेवटच्या कडव्यास, तो मोकळ्या गळ्यानें गातो. हळू बोलण्यावर लावलेला गेन मोठ्या गाण्यास फार जास्त होतो, आणि मग भर उपासनेंत आवाज फाटतो. यास्तव प्रत्येकानें गीताची सर्वांत उंच ओळ, उपासनेंत म्हणावयाची तशीच, म्हणून दाखवावी. माइकचें अंतरहि तेव्हांच ठरवावें. ओठांपासून चार बोटांवर असलेला माइक दोन बोटांवर आणला कीं आवाज सुमारें ६ डेसिबेलनें वाढतो. म्हणजे मिक्सरवाल्यानें कितीहि कौशल्य केलें तरी गाणाराचा हात तें क्षणांत उधळून लावूं शकतो.

आतां क्रमाविषयीं आमचा आग्रह सांगतों. जलशांच्या प्रघाताप्रमाणें पुष्कळजण ड्रम किंवा तबला यांपासून आरंभ करतात, मग गिटार, मग कीबोर्ड, आणि सर्वांत शेवटीं कंठ. परिणाम असा होतो कीं, वाद्यांनीं सर्व जागा व्यापल्यावर गाणाराला त्यांच्या डोक्यावरून ओरडावें लागतें, आणि तोंवर घड्याळांत साडेआठ वाजलेले असतात. उपासनेंत हा क्रम उलटा असावा. प्रथम मुख्य गाणाराचा आवाज एकटा, स्पष्ट व सौम्य असा बसवावा. त्याला धक्का न लागेल इतकीच पेटी त्यांत मिळवावी, मग तबला, मग इतर. एखादें वाद्य आलें आणि शब्द अस्पष्ट झाला, तर त्या वाद्यास मागें सारावें. कंठास पुढें ढकलूं नये.

पुष्कळ भांडणें मॉनिटरवरून होतात. मॉनिटर म्हणजे गाणारांच्या पायांशीं ठेवलेला, त्यांस स्वतःचा आवाज ऐकविणारा स्पीकर. गिटारवाला म्हणतो, ‘माझा वाढवा’. लगेच कीबोर्डवाली म्हणते, ‘मग माझाहि’. आणि पांच मिनिटांत व्यासपीठावर बाजार भरतो. येथें एक साधा नियम पाळावा: वाढविण्याची मागणी करण्यापूर्वीं, कोणाचा कमी केल्यास माझें काम भागेल, हें प्रत्येकानें सांगावें. तसेंच मिक्सरवाल्याशीं एका वेळीं एकानेंच बोलावें, आणि दुसऱ्याची परीक्षा चालू असतां आपल्या वाद्यावर बोटें फिरवीत बसूं नये. हा नियम अवघड खरा, पण जो गायनवृंद तो पाळतो त्याचा अर्धा वेळ वांचतो.

मधूनच कानठळ्या बसविणारी जी शिट्टी वाजते तिचें कारण विद्यार्थ्यांनीं अवश्य समजून घ्यावें. स्पीकरचा आवाज माइकमध्यें शिरतो, मोठा होऊन पुन्हा स्पीकरांतून बाहेर पडतो, आणि पुन्हा माइकमध्यें शिरतो. हें चक्र क्षणार्धांत अनेक वेळां फिरलें कीं एकच स्वर किंचाळूं लागतो. उपाय सोपे आहेत. मुख्य स्पीकर माइकांच्या पुढें, मंडळीच्या बाजूस असावे. माइकची जाळी मुठींत झांकूं नये. नको असलेले माइक बंद ठेवावे. कारण उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली कीं शिट्टीवांचून मिळणारा आवाज सुमारें ३ डेसिबेलनें घटतो. आणि मंडळींतील सज्जनांनीं शिट्टी वाजतांच मान वळवून मिक्सरपाशीं बसलेल्या पोराकडे डोळे वटारूं नयेत. दहांपैकीं नऊ गोष्टी तो नीट करतो तेव्हां त्याच्याकडे कोणी पाहत नाहीं.

साउंडचेक चालू असतां कोणीतरी एकानें देवळांत हिंडून यावें. मागचा बाक, गॅलरीखालची जागा, खांबामागचा कोपरा, सर्वत्र उभें राहून ऐकावें. स्पीकर बसलेल्या माणसांच्या डोक्यांच्या वर असावे, नाहींतर पुढील रांगेस भडिमार व मागील रांगेस कुजबूज असा अन्याय होतो. मात्र रिकामें देऊळ फसवें असतें. हार्वर्ड विद्यापीठांतील फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहांत शब्द सुमारें साडेपांच सेकंद घुमत राहत असे. वॅलेस साबिन या तरुण अध्यापकानें १८९५ पासून त्याचा अभ्यास हातीं घेतला. रात्रींच्या निवांत वेळीं जवळच्या सँडर्स थिएटरांतील गाद्या आणून तो मांडी, आणि घुमारा किती घटला तें मोजी. एक माणूस सुमारें सहा गाद्यांइतका घुमारा शोषून घेतो असें त्याला आढळलें. या अभ्यासाच्या आधारें १९०० सालीं उघडलेलें बोस्टनचें सिंफनी हॉल आजहि नांवाजलें जातें. आपण यावरून बोध घ्यावा तो हा कीं, दोनशें माणसें आलीं म्हणजे सकाळची जुळणी तशीच राहत नाहीं. ती थोडी कोरडी व मंद भासते. तेव्हां पहिल्या गीताचें पहिलें कडवें हा साउंडचेकचाच शेवटचा भाग समजून मिक्सरवाल्यानें कान उघडे ठेवावे.

आणखी एक परीक्षा आम्ही सुचवितों. साउंडचेकच्या शेवटीं गायनवृंदाबाहेरील चारसहा माणसांस बाकांवर बसवून एक कडवें सर्वांबरोबर गावयास सांगावें, व नंतर विचारावें, ‘तुमचा आवाज तुम्हांला ऐकूं आला काय?’ उत्तर नकारार्थी आलें तर सर्वच आवाज एक पायरी खालीं आणावा. याच वेळीं शास्त्रवाचनाचा माइकहि तपासावा. तो बहुधा कोणीच तपासीत नाहीं, आणि मग वाचावयास आलेली एखादी सातवींतील मुलगी पहिलें वचन मुक्यानेंच वाचून जाते.

यावर दोन बाजूंनीं आक्षेप येतील. कांहीं वडील मंडळी म्हणतील, आमच्या वेळीं यांतलें कांहींच नव्हतें, तरी देऊळ दणाणून जात असे. हें अगदीं खरें आहे, आणि जेथें पन्नास माणसें लहानशा देवळांत जमतात तेथें आजहि यंत्रांवांचून भागेल. परंतु मोठ्या देवळांत, रस्त्यावरील वाहनांच्या गोंगाटांत, थकलेल्या कानांच्या वृद्धांस शब्द पोंचवावयाचा तर यंत्राचा उपयोग आहे, आणि तें वापरावयाचें तर नीट वापरावें. तरुण मंडळी म्हणतील, मोठ्या आवाजाशिवाय उत्साह येत नाहीं. त्यांस आम्ही एवढेंच सांगतों कीं, कानाला उत्साह कळत नाहीं. त्याला फक्त मात्रा कळते. अमेरिकेंतील व्यवसाय-सुरक्षा व आरोग्य यांविषयींच्या राष्ट्रीय संस्थेनें कामाच्या जागीं ८५ डेसिबेल आवाजास दिवसाला ८ तासांची मर्यादा सुचविली आहे, आणि पुढें दर ३ डेसिबेलला ती निम्मी होत जाते. म्हणजे १०० डेसिबेलला केवळ १५ मिनिटें. स्पीकरच्या तोंडाशीं दर आठवड्यास उभ्या राहणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाचे कान त्याला पुढें साठ वर्षें पुरवावयाचे आहेत. गेलेली श्रवणशक्ति परत येत नाहीं.

पालकांस आमची विनंती अशी कीं, मुलगा किंवा मुलगी रविवारीं सकाळीं लवकर घराबाहेर पडते ती केवळ हौसेपायीं असें समजूं नये. आणि मिक्सरचें काम मुलींचें नव्हे हा समज तर मुळींच बाळगूं नये, कारण त्या कामास लागतात ते तीक्ष्ण कान व शांत डोकें. विद्यार्थ्यांनीं एक लहानशी वही मिक्सरपाशीं ठेवावी. त्या दिवशीं कोणती कळ कोठें होती, काय बिघडलें, कोणत्या कोपऱ्यांत शब्द पोंचला नाहीं, हें तींत टिपून ठेवावें. वर्षभरांत ती वही उत्तम गुरु ठरेल. आणि उपासना संपल्यावर मागच्या बाकाकडे जाऊन आजीबाईंस विचारावें, ‘आजी, आज गातां आलें का?’ त्यांचें उत्तर त्या वहींत सर्वांच्या वर लिहावें.