पेरलेल्या पेशी गेल्या कोठे?

मृगाच्या पावसावर सोयाबीन पेरणारा हिंगोलीचा शेतकरी पेरणीपूर्वी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून त्यांतले किती उगवतात हे पाहतो. पेरणीनंतर आठवडाभरात शेतात फेरी मारून नांगे मोजतो आणि प्रसंगी दुबार पेरणीचा कटू निर्णयही घेतो. पेरले ते उगवलेच असेल, असे गृहीत धरून तो घरी बसत नाही. मूलपेशी-रोपणाच्या बाबतीत मात्र हे व्यवहारज्ञान आपण गुंडाळून ठेवले आहे काय, असा प्रश्न पडतो.

मेंदू, हृदय वा मज्जारज्जू यांच्या निकामी भागात मूलपेशी सोडल्या तर त्या तेथे रुजून हानी भरून काढतील, ही या संशोधनामागची आशा. परंतु टोचलेल्या पेशी इच्छित स्थळी पोहोचल्या की नाही, हे जाणण्यासाठी प्रयोगातील प्राणी मारून त्याच्या ऊतकाचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागत. मारलेल्या प्राण्याची पुढील वाटचाल अर्थातच पाहता येत नाही आणि माणसाच्या बाबतीत तर तो मार्गच बंद.

यातून वाट दाखविली ती एमआरआय तंत्राने. या तंत्रासाठी पॉल लाउटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. रोपणापूर्वी पेशींना लोह-ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण भरविले की ते कण आसपासचे चुंबकीय क्षेत्र किंचित विस्कटतात आणि चित्रात त्या जागी काळा ठिपका उमटतो. एकाच जिवंत उंदरातील पेशींचा प्रवास अशा रीतीने आठवड्यामागून आठवडे पाहता येतो.

या तपासणीचे मोल २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासाने दाखवून दिले. त्यातील पेशी मूलपेशी नव्हत्या. त्वचेच्या कर्करोगावरील लसीसाठी तयार केलेल्या प्रतिकारपेशी होत्या. अल्ट्रासाउंडच्या मदतीने त्या आठ रुग्णांच्या लसिकाग्रंथींत टोचण्यात आल्या. एमआरआयने दाखविले की, चौघांच्या बाबतीत नेम चुकला होता! तपासले नसते तर अपयशाचे खापर औषधाच्या माथी फुटले असते.

ही पद्धत निर्दोष आहे, असे मात्र नव्हे. पेशी मेली तरी तिच्यातील लोह भक्षकपेशी गिळतात आणि ठिपका तसाच राहतो. पेशींचे विभाजन होत गेले की खूण फिकट होते. ठिपका लोह कोठे आहे हे सांगतो, पेशी जिवंत आहे याची ग्वाही देत नाही. म्हणून फ्लोरिनयुक्त खुणांसारखे अन्य उपायही शोधले जात आहेत.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास येथे आणखी एक गोष्ट खटकते. संशोधकांनी वापरलेले फेरुमॉक्साइड हे द्रव्य मूलतः यकृताच्या चित्रणासाठी १९९६ साली अमेरिकेत मंजूर झाले होते. त्यास पुरेसे गिऱ्हाईक नव्हते, म्हणून उत्पादकाने ते बंद केले. पुढे मूत्रपिंडाच्या रुग्णांतील रक्तक्षयासाठी २००९ साली मंजूर झालेले फेरुमॉक्सिटॉल संशोधकांना उसने घ्यावे लागले. ज्ञानाची गरज आणि बाजाराची मागणी यांची सांगड आपोआप बसत नाही. असा खर्च सार्वजनिक तिजोरीनेच उचलावा लागतो. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या संस्था त्यासाठीच असतात.

दुसरीकडे, ज्या मालाची पारख ग्राहकास करताच येत नाही त्याचा बाजार मात्र तेजीत चालतो. वैद्यकीय सेवेतील हे वैगुण्य केनेथ ॲरो यांनी १९६३ सालीच दाखविले होते. आपल्या मुलाच्या व्याधीसाठी दोन एकर विकून दूरच्या शहरात मूलपेशींची इंजेक्शने घेऊन आलेले एक गृहस्थ मला ठाऊक आहेत. पेशी कोठे गेल्या, हे त्यांना कोणी सांगितले नाही आणि विचारावे हे त्यांना सुचले नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मात्र स्पष्ट म्हटले होते की, रक्तविकारांसाठीचे प्रस्थापित रोपण वगळता मूलपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावा.

‘हताश आईबापांची आशा का हिरावता?’ असे यावर विचारले जाईल. आशा कोणीच हिरावू नये. पण ती विकूही नये. चाचणी जरूर व्हावी, तिचे शुल्क रुग्णाकडून घेतले जाऊ नये आणि जेथे शक्य असेल तेथे पेशींचा माग ठेवून निष्कर्ष, अपयशासह, जाहीर व्हावेत.

आपल्या औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो प्रयोगशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ साली सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. प्रोटॉनहूनही सूक्ष्म अंतर मोजण्यासाठी देश एवढा खर्च करतो, हे योग्यच आहे. त्याच जिल्ह्यातील बापाने जमीन विकून घेतलेल्या पेशींचा हिशेबही कोणीतरी द्यावा, ही मागणी अवाजवी कशी म्हणता येईल?