कन्व्हर्जनचा रकाना कुठे आहे?

यकृतातल्या खड्यांसाठी केलेल्या हेपॅटेक्टॉमीचे विमादावे शेरे मारून परत येतात, अशी वाचक सर्जनांची तक्रार आहे. एका पत्रातला रुग्ण तर नमुनाच म्हणावा. दुर्बिणीतून डावे लॅटरल सेक्शन काढायला घेतले. सीबीडी पूर्वी एकदा उघडलेली, त्यामुळे ओमेंटम आणि ड्युओडेनम यकृताच्या खाली घट्ट चिकटलेले. दीड तास अ‍ॅडहेजन्स सोडवूनही हायलम दिसेना, तेव्हा सर्जनने पोट उघडले.

योग्यच केले.

दाव्याच्या अर्जात मात्र दोनच रकाने, 'लॅप' आणि 'ओपन'. 'लॅप'वर खूण केली तर फोटोतला लांब छेद पाहून शंका. 'ओपन'वर केली तर पोर्ट आणि स्टेपलरचे बिल कशाचे, अशी विचारणा. वर प्रश्न हा, की खड्यासाठी यकृत का कापले, पित्ताशय काढून भागले नसते का? आकसलेले, कडक झालेले सेगमेंट आणि नलिकेतला तपकिरी गाळ ज्यांनी कधी पाहिला नाही, ते हा निर्णय तपासणार!

शेवटी सर्जन कंटाळून 'ओपन' लिहितो आणि इथेच खरे नुकसान होते. दुर्बिणीच्या सर्वांत अवघड केसचा रक्तस्राव, वेळ आणि बाइल लीक ओपनच्या खात्यावर चढतात. कन्व्हर्जन झालेली केस मुळात ठरवलेल्या गटातच मोजली पाहिजे.

2008च्या लुइव्हिल परिषदेने डाव्या लॅटरल सेक्शनसाठी लॅपरोस्कोपी ही प्रमाण पद्धत मानली, त्याबद्दल वाद नाही. पण दोन्ही बाजूंचे खडे, हायलमजवळचे स्ट्रिक्चर किंवा कॅन्सरचा संशय असलेले रुग्ण बहुधा ओपनकडेच जातात. मग दुर्बिणीचा रुग्ण लवकर घरी गेला, या आकड्याला किती वजन द्यायचे? उरलेले खडे आणि पुन्हा येणारा कोलँजायटिस यांचा हिशेब आधी हवा.

काश्मीरमध्ये पित्तनलिकेत शिरणाऱ्या जंतांमुळे हा आजार सर्जनांच्या ओळखीचा आहे. महाराष्ट्रात असे रुग्ण तुरळक, म्हणून इथली एकही नोंद वाया जाता कामा नये. आपल्याच विभागात तीन ओळींची ऑपरेशन नोट खपवून घेणाऱ्या ज्येष्ठांनीही हे मनावर घ्यावे. सुरुवात कशी केली, कुठे आणि का उघडले, शेवटी कोलेडोकोस्कोपमध्ये कोणत्या सेगमेंटमध्ये खडे उरले, हे प्रत्येक सर्जनने स्वतःच्या हाताने लिहावे. अर्जात तिसरा रकाना नसेल तर समासात 'कन्व्हर्जन' लिहून सही करावी, आणि दावा परत आला तर त्याच शब्दासह पुन्हा पाठवावा.