वाघिणीचे वास्तव

एखाद्या वास्तववादी कलाकृतीला 'निव्वळ छायाचित्रण' म्हणून निकालात काढण्याची सवय आपल्या समीक्षेला, आणि तिच्यामागून आपल्या वर्गांनाही, जडली आहे. तपशील म्हणजे कच्चा माल आणि कला म्हणजे त्यापलीकडचे काहीतरी, हे यामागचे गृहीतक. ते तपासण्यासाठी साहित्याबाहेरचे एक उदाहरण घेऊ: रेल्वेच्या मालडब्याची प्रमाणबद्ध प्रतिकृती.

इंग्रजी 'वॅगन'ची मराठीने 'वाघीण' केली. दिवा-पनवेल मार्गावरच्या नावडे रोड स्थानकात मालगाडी आली की इंजिनाकडे सगळ्यांचेच लक्ष जाते. मागून येणाऱ्या वाघिणींकडे सहसा कोणी पाहत नाही. 'बीओएक्सएन' म्हणजे हवेच्या दाबावरचे ब्रेक असलेली, उंच भिंतींची उघडी वाघीण आणि 'बीसीएन' म्हणजे बंद वाघीण, हे वाचता येणारे थोडेच. या थोड्यांत प्रतिकृतिकार येतो. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८पासून लोकांसाठी खुले आहे, त्यामुळे हा छंद आपल्याला अगदीच परका नाही.

जगभर रूढ असलेले एक प्रमाण १:८७ आहे. त्यानुसार सुमारे १०.७ मीटर लांबीची उघडी वाघीण १२.३ सेंटिमीटरची होते. इथवर हा केवळ भागाकार आहे. पण आपल्या ब्रॉडगेजची रुंदी १६७६ मिलिमीटर. ८७ने भागल्यास ती १९ मिलिमीटरांहून थोडी अधिक भरते. या प्रमाणाचे बाजारात मिळणारे रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचे असतात, कारण ते १४३५ मिलिमीटरच्या पाश्चात्त्य रुंदीवरून बेतलेले आहेत. त्यांवर भारतीय वाघीण चालवायची तर वरचा सांगाडा प्रमाणात आणि खालची चाके अरुंद, ही तडजोड स्वीकारावीच लागते.

जाडीचेही तसेच. अर्ध्या मिलिमीटरचा प्लास्टिकचा पत्रा या हिशेबाने ४३.५ मिलिमीटर जाडीचा ठरतो. खरा पोलादी पत्रा याहून कितीतरी पातळ. म्हणून जिथे नजर पोचते ती कडच तेवढी तासून बारीक करायची. वजन तर घनाच्या पटीत घटते. सुमारे २२.५ टनांची रिकामी वाघीण ३४ ग्रॅमच्या आसपास येते आणि इतकी हलकी वस्तू रुळावर नीट चालत नाही. तेव्हा आत न दिसणारे वजन दडवावे लागते. शेवटी गंज आणि कोळशाची काजळी रंगवायची, कारण न वापरलेली वाघीण खेळण्यासारखी दिसते. तो गंज म्हणजे तिच्यावरून गेलेला काळच.

मग या प्रतिकृतीत 'नक्कल' उरली कुठे? प्रत्येक तपशिलामागे एक निर्णय आहे: काय ठेवायचे, कुठे खोटे बोलायचे आणि ते खोटे कुणासाठी. नाट्यशास्त्राने लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असा भेद सांगितला आहे. इथे लोकधर्मी वाटणाऱ्या वस्तूच्या पोटातच नाट्यधर्मी संकेत दडलेला दिसतो. तेव्हा वास्तववादी कादंबरीला विचारायचा प्रश्न 'तपशील किती?' हा नसून 'कोणत्या तडजोडी, आणि कशासाठी?' हा आहे. परीक्षेत वास्तववादाची पाठ केलेली लक्षणे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला एका पानातल्या अशा तडजोडी शोधायला लावल्या, तर तो अधिक शिकेल.

यावर एक आक्षेप रास्त आहे. प्रतिकृतीत माणूस नसतो. बंद वाघिणीत पोती चढवणाऱ्या माथाडीच्या पाठीची कळ कोणत्याच प्रमाणात लहान करता येत नाही. साहित्याचे काम तिथे सुरू होते, हे मान्यच. पण त्या वाघिणीचे दार कसे उघडते, तिची जमीन फलाटापासून किती उंच, हे ज्याने कधी पाहिले नाही, त्या लेखकाची करुणा हवेतच राहते. तपशिलाला तुच्छ लेखणारी समीक्षा अखेर त्या माथाडीलाच तुच्छ लेखत असते.