घरांतले शब्द : पसारा आणि व्याप

रत्नागिरीकडील घरांत आगोटीचे दिवस म्हणजे परीक्षेचेच दिवस. अंगणांत वाळत घातलेलीं आमसुलें, फणसपोळ्या, जळाऊ लांकडें पहिल्या सरीबरोबर आंत धांवतात. आणि त्यांच्या मागोमाग 'काय हा पसारा!', 'किती ग गबाळी!', 'अजागळ कुठली!' हे उद्गारही. या शब्दांचा आज थोडा विचार करूं.

'अजागळ' म्हणजे मूळचा शेळीचा गळा. कांहीं शेळ्यांच्या गळ्याखालीं मांसाचे दोन लोळे लोंबतात. दिसावयास स्तनासारखे, पण दुधाचा थेंब नाहीं. संस्कृतांत निरुपयोगी वस्तूस 'अजागलस्तन' म्हणतात तें यावरूनच. 'गलथान' शब्दांतही तोच गळा व तेंच थान आहे.

'गोंधळ' शब्दावर मात्र अन्यायच झाला. चौक भरून, कलश मांडून, संबळाच्या तालावर देवीचें आख्यान लावणारा हा कुलाचार मोठ्या शिस्तीचा. लोकांनीं त्यांतला गलबला तेवढा ऐकला आणि अव्यवस्थेस त्याचें नांव दिलें. 'बारभाई'ची गतही तीच. १७७४ सालीं पुण्याच्या मुत्सद्द्यांनीं एकत्र येऊन राघोबादादांविरुद्ध तान्ह्या सवाई माधवरावांची गादी राखली. त्यांतील नाना फडणीस तर आपल्याच जिल्ह्यांतील वेळासच्या भानूंच्या कुळांतले. तरीही बारभाईचा कारभार म्हणजे धनी नसलेला कारभार, असाच अर्थ रूढ झाला.

शब्दावरील अन्याय कोश पाहून कळतो. माणसावरील कसा कळावा? ओटीवर आम्हां पुरुषांचीं वर्तमानपत्रें, जुनीं पंचांगें, जमिनीचे कागद वर्षानुवर्षें पडून असतात. त्यांस 'व्याप' म्हणावयाचें. माजघरांत सुपें नि रोवळ्या घटकाभर राहिल्या, कीं तो मात्र 'पसारा'!

गेल्या आगोटीस आमचीं आमसुलें भिजलीं. मीं सवयीनें बोलून गेलों. धाकटी सूनबाई हळूच म्हणाली, "मामंजी, ओटीवर जागा असती, तर वेळेवर आंत घेतलीं असतीं."

मीं निमूटपणें कागदांचा ढीग उपसावयास बसलों. तळाशीं वीजबिलाची एक पावती निघाली. ती हरवली म्हणून सहा महिन्यांपूर्वीं त्याच सूनबाईस मीं 'गलथान' म्हटलें होतें.

पावती तिच्या हातीं दिली. ती कांहीं बोलली नाहीं. फक्त रिकाम्या झालेल्या जागीं चटई अंथरून तिनें आमसुलें पसरलीं.