प्रश्न कोणी ठरवायचा?

आरोग्यविषयक संशोधनात रुग्णांचे मत विचारात घ्यावे, हे तत्त्व आता सर्वमान्य झाले आहे. ब्रिटनमध्ये २००४ पासून ‘जेम्स लिंड अलायन्स’ हा उपक्रम रुग्ण, त्यांची शुश्रूषा करणारे आणि डॉक्टर यांना एकत्र बसवून, कोणत्या प्रश्नांवर आधी संशोधन व्हावे याचा क्रम ठरवून घेतो. मात्र ही केवळ परदेशी कल्पना आहे, असे कोणी समजू नये.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग १९८६ साली गडचिरोलीत कार्यास आले, तेव्हा त्यांनी प्रारंभी सिकल सेल या रक्तविकाराचा अभ्यास केला. आजार जिल्ह्यात आढळला. परंतु लोकांच्या तक्रारींत त्याला फारसे स्थान नव्हते. विषय संशोधकांच्या आवडीचा होता, लोकांनी मागितलेला नव्हता, असे स्वतः डॉ. बंग यांनीच पुढे नमूद केले. त्यानंतर गावांशी बोलून, त्यांची संमती व साथ घेऊन स्त्रियांच्या आजारांचा अभ्यास झाला. ‘लॅन्सेट’मध्ये १९८९ साली प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष थक्क करणारे होते: दोन गावांतील ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते आणि त्यांपैकी जेमतेम ८ टक्के स्त्रियांची पूर्वी कधी तपासणी झाली होती. ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे कुटुंबनियोजन व बाळंतपण, एवढाच विचार त्या काळी होत असे. हे दुखणे सरकारी नोंदवहीत सापडणे शक्यच नव्हते! आदिवासींना मोठ्या इमारतींच्या इस्पितळांची धास्ती वाटते, हेही त्यांच्याकडूनच कळले. म्हणून शोधग्राम येथील रुग्णालय झोपड्यांच्या रूपात उभे राहिले आणि त्यास दंतेश्वरी मातेचे नाव मिळाले.

अर्थात, लोकमत हाच एकमेव निकष नव्हे. त्याच सिकल सेलसाठी २०२३ साली केंद्र सरकारला राष्ट्रीय मोहीम हाती घ्यावी लागली. तज्ज्ञाला दिसते ते रुग्णाला दिसेलच असे नाही.

परंतु आपल्याकडे तोल दुसऱ्याच बाजूला झुकलेला आहे. औषध चाचण्यांविषयीच्या २०१९ च्या नियमांनुसार नीतिसमितीत एका सामान्य नागरिकाचा समावेश बंधनकारक आहे. तरतूद स्वागतार्ह होय; पण समितीपुढे आराखडा येतो, तोवर संशोधनाचा विषय ठरलेला असतो, पैशांची तजवीजही बहुधा झालेली असते. त्या नागरिकाने संमतीपत्राची भाषा सोपी करून घ्यावी, धोके विचारावेत. ‘हा विषयच का?’ असे विचारण्याची वेळ टळून गेलेली असते. म्हणून संशोधनास निधी देणाऱ्या शासकीय संस्थांनी अर्जातच एक रकाना ठेवावा: हा प्रश्न कोणत्या रुग्णांशी, कोणत्या गावाशी बोलून निवडला? आणि तो रकाना कोरा असल्यास अर्ज परत पाठवावा.