पोराची चूक नव्हती हो!

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आणि तेही डोकं फिरलंय म्हणून.

मोशीतल्या आमच्या ओळखीच्या एका वर्कशॉपमधून परवा दोन गाड्या चाकणला गेल्या. दोन्ही बिलांवर नंबर एकच, ७४२. दुसरी गाडी गेटवर अडकली. बोलणी कुणी खाल्ली? डिस्पॅचला बसणाऱ्या पोराने. वर एक दिवसाचा पगार कापला.

अहो, नंबर तो टाकतच नाही, प्रोग्रॅम टाकतो! (काकू, सोपं करून सांगतो.) प्रोग्रॅम डेटाबेसला विचारतो, शेवटचा नंबर कोणता? ७४१. मग एक मिळवून बिल लिहितो. दोन कॉम्प्युटरनी एकाच क्षणी विचारलं तर दोघांनाही ७४१ च उत्तर मिळणार. झालं!

प्रोग्रॅमवाल्याला फोन केला. म्हणे, "सर, ट्रान्झॅक्शन लावलंय ना." कप्पाळ! पोस्टग्रेस, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर या सगळ्यांत मुळात जी रीड कमिटेड पातळी असते, तिच्यात दोन ट्रान्झॅक्शन खुशाल तोच जुना नंबर वाचतात. टेबलवर युनिक कन्स्ट्रेंट का नाही? "प्रोग्रॅम चेक करतो ना." अरे, चेक करणं आणि लिहिणं यांच्या मधल्या फटीतच तर घोटाळा होतो! कन्स्ट्रेंट असता तर दुसरं बिल तिथेच अडलं असतं, चाकणच्या गेटवर नाही.

सिक्वेन्स वापरावा तर व्यवहार रद्द झाला की मधला नंबर गळतो, आणि जीएसटीच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे बिलांचे नंबर आर्थिक वर्षात ओळीने हवेत. मग वर्षाची एक ओळ ठेवायची, 'नंबर = नंबर + १' असं एकाच अपडेटने वाढवायचं आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये बिल लिहायचं. दुसरा आपोआप थांबतो, पहिल्याचं कमिट होईपर्यंत. एवढंच!

स्टॉकचंही तेच. ५०० नग दोघांनी वाचले. एकाने २०० काढून ३०० लिहिले, दुसऱ्याने १५० काढून ३५० लिहिले. रॅकवर प्रत्यक्षात १५०. मग स्टोअरवाल्यावर चोरीचा संशय! 'शिल्लक = शिल्लक - १५०' लिहायला काय जातं यांचं?

आणि उपाय काय केला माहितीये? भिंतीवर कागद चिकटवलाय, 'एकाने सेव्ह करताना दुसऱ्याने थांबावे.' जे काम डेटाबेस फुकटात करतो, ते सेलोटेपवर सोपवलंय.

शेवटी मालकांना समोर बसवून टेस्टच्या कॉपीवर दोन खिडक्या उघडल्या आणि दोन्हींत तेच पाऊल एकाआड एक चालवून दाखवलं. एकच नंबर, दोनदा. "अस्सं होय!" म्हणाले, चहा मागवला.

कापलेल्या पगाराचं मात्र अजून काही बोललेले नाहीत.