इलेक्ट्रिक गाडी स्वस्त पडते, पण कुणाच्या मीटरवर?

बेळगावात सध्या गाडी घ्यायचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'इलेक्ट्रिक घ्या, किलोमीटरला रुपया पडतो.' वाक्य खोटं नाही, पण अर्धंच आहे. तीच गाडी टिळकवाडीतल्या बंगल्यात, चंदगडच्या वाड्यावर आणि शहापूरच्या बोळात वेगवेगळ्या खर्चात पळते. मॉडेल एकच असलं तरी राज्य, वीजदर आणि दारात गाडी लावायची सोय वेगळी असते, त्यामुळे हिशेबही बदलतो.

आधी सरळ आकडे मांडू. हिशेबासाठी गोल दर धरले आहेत, आपल्या भागातला दर घालून पाहावा. पेट्रोल लिटरला 103 रुपये आणि गाव-शहर मिळून मायलेज 15 धरलं, तर किलोमीटरला 6 रुपये 87 पैसे पडतात. डिझेल 91 रुपये आणि मायलेज 18 असेल तर पाच रुपयांच्या आसपास. सीएनजी किलोला 88 रुपये आणि मायलेज 22 असेल तर चार रुपये. इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगमधली घट धरून मीटरवरच्या एका युनिटमागे सहा किलोमीटर जाते असं मानू. म्हणजे महिन्याला 1000 किलोमीटर फिरणाऱ्याला साधारण 167 युनिट लागतात.

कर्नाटकात घरगुती वीज कर धरून युनिटला साडेसहा रुपयांच्या घरात जाते. भागाकार केला की किलोमीटरला 1 रुपया 8 पैसे येतात. शोरूममध्ये सांगतात तो रुपया हाच.

गृहज्योतीचा फटका

बिल शून्य येणाऱ्या घरात मात्र हे गणित बिघडतं. ऑगस्ट 2023 पासून गृहज्योती योजनेत ठरलेल्या मर्यादेपर्यंत वीज मोफत आहे. पण महिन्याचा वापर 200 युनिटांच्या वर गेला, की वरच्या युनिटांचंच नव्हे, अख्खं बिल भरावं लागतं.

समजा एखाद्या घराचा वापर 100 युनिट आहे आणि बिल शून्य येतं. त्याच मीटरवर गाडी लावली की वापर 267 युनिट होतो. सगळ्या युनिटांचे सुमारे 1735 रुपये होतात. त्यात तीन किलोवॅटचा स्थिर आकार म्हणून साडेचारशेच्या आत-बाहेर रक्कम मिळवली, की बिल 2170 च्या आसपास जातं. काल शून्य होतं, म्हणजे ही सगळी रक्कम गाडीच्याच नावावर पडली. किलोमीटरला 1 रुपया 8 पैशांचे 2 रुपये 17 पैसे झाले. पेट्रोलपेक्षा हे अजूनही तिपटीहून स्वस्त आहे. पण जो हिशेब सांगून गाडी विकली, त्याच्या दुप्पट आहे.

यावर उपाय म्हणजे गाडीसाठी वेगळं मीटर. चार्जिंगचा वर्ग वेगळा असतो आणि घरच्या मीटरवर गाडीचा भार येत नाही. त्याचा स्थिर आकार मात्र वेगळा भरावा लागतो. म्हणून बुकिंग करण्याआधी हेस्कॉमच्या कचेरीत एक चक्कर मारलेली बरी.

हद्द ओलांडली की

कागल, गडहिंग्लज, चंदगडकडे महावितरणचा दर टप्प्याटप्प्यानं चढतो. पहिली 100 युनिटं स्वस्त. पुढची, 300 पर्यंतची, वहन आकार आणि वीज शुल्क धरून 13 रुपयांच्या आसपास जातात. घराचा वापर आधीच 100 असेल तर गाडीचं प्रत्येक युनिट महागड्या टप्प्यातच पडतं. किलोमीटरला पुन्हा दोन रुपयांच्या वर. म्हणजे रस्ता वेगळा असला तरी दोन्ही राज्यांतलं मध्यमवर्गीय घर जवळपास त्याच आकड्यावर येऊन थांबतं. गोव्यात घरगुती वीज दोन्ही शेजाऱ्यांपेक्षा स्वस्त असल्यानं तिथल्या घरमालकाला फायदा सरळ दिसतो.

टोलबाबतही एक गैरसमज आहे. महाराष्ट्रानं 2025 मध्ये इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी दिली ती समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर. बेळगावहून पुण्याला जाताना लागणारे किणी आणि तासवडे हे नाके त्यात नाहीत.

बोळातल्या माणसाचं काय?

शहापूर, खडेबाजार, वडगावच्या जुन्या वस्तीत दारात दुचाकी लावायची मारामार. तिथं पहिल्या मजल्यावरून वायर सोडून गाडी चार्ज करता येत नाही, आणि करूही नये. असा माणूस फास्ट चार्जरवर अवलंबून राहतो. तिथं युनिटला 20 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी धरला, तर किलोमीटरला 3 रुपये 93 पैसे पडतात. म्हणजे सीएनजीएवढेच. वर रांगेत वेळ जातो तो निराळा.

आता किमतीतला फरक पाहू. सारख्या पेट्रोल गाडीपेक्षा इलेक्ट्रिक तीन लाखांनी महाग आहे असं धरलं, तर घरी त्याच मीटरवर चार्ज करणाऱ्याचे ते पैसे सुमारे 64 हजार किलोमीटरनंतर सुटतात. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे पाच वर्षं आणि चार महिने. फक्त फास्ट चार्जरवर असणाऱ्याला एक लाखावर किलोमीटर लागतात, म्हणजे साडेआठ वर्षं. बॅटरीची हमी बहुतेक कंपन्या आठ वर्षांची देतात, ती तोवर संपलेली असते. ऑइल बदलणं वाचतं, थर्ड पार्टी विम्यात सवलत मिळते, पण एवढ्यानं ही दरी भरत नाही. शिवाय सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकवर तो पाचच टक्के आहे, तरी दोन्हींच्या किमतीतलं अंतर त्यामुळे वाढलं.

म्हणजे सवलतीचा खरा लाभ ज्याच्याकडे अंगण आहे, त्यालाच मिळतो. छतही असेल तर प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78 हजारांपर्यंत अनुदान आहे आणि हिशेब आणखी सुधारतो. भाड्याच्या घरातल्या, बोळातल्या माणसाला यातलं काहीच नाही. महापालिकेनं भाजी मार्केट, बसस्थानक, उद्यानांच्या पार्किंगमध्ये रात्रभर लावता येतील असे साधे, कमी दराचे चार्जर दिले, तर हे चित्र बदलू शकतं. मोठ्या फास्ट चार्जरपेक्षा जुन्या शहराची गरज ही आहे.

तोवर गाडी बघायला जाताना गेल्या बारा महिन्यांची वीजबिलं सोबत न्या. महिन्याला हजार किलोमीटरच्या वर फिरणं आणि घरी चार्जिंगची सोय, दोन्ही असेल तर इलेक्ट्रिक घ्यायला हरकत नाही. फिरणं पाचशेच्या आत असेल तर वरचे तीन लाख सुटायला दहा वर्षांहून जास्त लागतील. आणि दारात गाडी लावायची जागाच नसेल, तर आज तरी सीएनजी किंवा चांगल्या मायलेजची पेट्रोल गाडीच परवडते.